वंशावळीतली पाहुणी

माझ्या मार्गदर्शकांचे नवे पुस्तक मी दुकानात जाऊन विकत घेतले, कारण ते भेट म्हणून घरी येण्याची काही शक्यता नव्हती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी ते उघडले. पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्याच परिच्छेदात मला माझे एक वाक्य भेटले. परक्या शहरात ओळखीचे माणूस दिसावे तसे ते दिसले. कपडे तेवढे बदललेले होते. 'परंतु'च्या जागी 'तथापि' आले होते. मी पेन्सिल घेऊन माझ्या मजकुराखाली रेघा मारू लागले आणि दोन प्रकरणांनंतर ते सोडून दिले. जे माझे नव्हते त्यावर खुणा करणे अधिक सोपे गेले असते: अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचे हसरे छायाचित्र.

पुस्तकाचे नायक माझे पणजोबा होते. ते छापखान्यांसाठी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, ओतत असत. ओतकामाच्या खोलीला खिडकी का नसे, कामगारांच्या हिरड्यांवर निळी रेघ का उमटे, घरी गेल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी त्यांना हात का घासत बसावे लागे, हे सारे मी अकरा वर्षे दप्तरखान्यांतून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींतून वेचले होते. हस्तलिखित मी सरांना नजरेखालून घालायला दिले. दोन वर्षांनी ते परत आले. समासात एकच शेरा होता: 'अजून पिकलेले नाही.' मग त्यांनी ते स्वतःच्या आढीत पिकवले.

मला राग आला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. राग येतो आणि जातो. माझा आला आणि खुर्ची ओढून बसला.

वंशावळी लिहिणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिलेली नसते. दुसऱ्याची मेहनत उचलणारे या धंद्यात फार. आणि जन्ममृत्यूच्या नोंदी कोणाच्याच मालकीच्या नसल्यामुळे 'तेच दप्तर मीही पाहिले' एवढे म्हटले की चोर सुटतो. म्हणून प्रत्येक वंशावळीत एक माणूस असा घालून ठेवायचा, की जो कधी जन्मलाच नव्हता. त्याला 'पाहुणा' म्हणतात. पाहुणा कसा असावा यालाही शिस्त आहे. तो अविवाहित असावा, निःसंतान असावा, मागे काही न ठेवता जावा, म्हणजे कोणाची अडचण होत नाही. जो वंशावळ उचलतो तो पाहुण्यालाही उचलून घरी नेतो, आणि तेथे सापडतो.

ही रीत मला सरांनीच शिकवली होती. मग ते फसले कसे, असे मला पुढे अनेकांनी विचारले. उत्तर साधे आहे. पाहुणा परक्याच्या घरात घालतात. स्वतःच्या पणजोबांच्या घरात, सख्ख्या रक्तात, कोणी असला खोटा जीव घुसवील हे त्यांच्या मनात येणे शक्य नव्हते. मी तेवढ्यासाठीच तो घुसवला होता.

माझी पाहुणी मुलगी होती. पणजोबांना दोन मुलगे. त्यांच्या आधी मी तिला जन्माला घातले, म्हणून तिचे घरातले नाव थोरली. ओतून काढलेल्या खिळ्यांच्या कडा दगडावर घासून साफ करायचे काम कारखान्यात मुली करत. तेथे मी तिला लावले. छाटणीच्या यंत्रात तिच्या डाव्या करंगळीचे एक पेर घालवले, कारण व्यंग असलेले माणूस वाचकाला अधिक खरे वाटते. लग्न होऊ दिले नाही. एकोणिसाव्या वर्षी तिला साथीच्या तापात मारले आणि खाली तळटीप दिली. मुलगीच का, असे कोणी विचारले असते तर तेही मी सांगितले असते. मुलींच्या नोंदी सगळ्याच दप्तरांत इतक्या विरळ असतात, की एखादी जास्त झाली काय आणि कमी झाली काय, कोणाच्या ध्यानात येत नाही.

अकरा वर्षांत मी जे खरे शोधले त्याबद्दल एकाही परीक्षकाने अवाक्षर काढले नाही. थोरलीवर मात्र सगळ्यांचा जीव जडला. 'या ग्रंथाचे काळीज,' असे एकाने लिहिले. 'इतकी जिवंत मुलगी अलीकडे कोठे वाचली नव्हती,' असे दुसऱ्याने. सरांनी तिच्यात स्वतःची थोडी भरही घातली होती. खिळे घासताना ती शब्दांवाचून काहीतरी गुणगुणत असे, असे त्यांच्या पुस्तकात होते. चोरीच्या कापडाला त्यांनी पदरमोड करून झालर लावली होती.

मी तक्रार केली. विद्यापीठाने समिती नेमली. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य होते आणि समोरचा बोलू लागला की चष्मा पुसायला घेत.

"म्हणजे बाई, तुमचं म्हणणं असं की ही मुलगी नव्हतीच."

"नव्हती."

"आणि ती नव्हती हे तुम्हाला ठाऊक, कारण ती तुम्हीच रचली."

"हो."

"म्हणजे खोटं लिहिलंत तुम्ही, आणि चोर ते!" ते स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले. "बरं, असं करा. जन्मनोंदणीच्या दप्तरातून 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणा. घरातलं कुणी जुनं माणूस असेल तर त्याचं म्हणणं लेखी आणा. एवढं झालं की तुमच्या सरांना काही बोलायला जागाच उरणार नाही."

एवढेच हवे होते. एक माणूस नव्हता, हे सिद्ध झाले की अकरा वर्षे माझी आहेत हे सिद्ध होणार होते.

घरातले जुने माणूस म्हणजे माझी चुलत आत्या, पणजोबांच्या मोठ्या मुलाची मुलगी. ती नव्वदीला टेकलेली आहे आणि एका धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. खालच्या वाफेमुळे तिची फरशी बारा महिने कोमट असते आणि जिन्याला साबणाचा वास येतो. तिला सांभाळायला एक बाई आहे. आत्याच्या मते तीच त्या बाईला सांभाळते.

"काय गं शहाणे, आज वाट चुकलीस वाटतं?" आत्या म्हणाली. लहानपणापासून मी तिच्यासाठी 'शहाणे' आहे, आणि त्यात कौतुक अगदी थोडे आहे.

मी सगळी हकीगत सांगितली. ती खोकला येईपर्यंत हसली.

"म्हणजे त्या मेल्याने तुझं खोटंसुद्धा सोडलं नाही?"

"खोटंच आधी उचललं."

"आणि थोरली म्हणे! अगं, आमच्या बाबांना बहीण असती तर मला आत्या नसती का मिळाली? माझेही कुणीतरी लाड केले असते. दोघेच भाऊ ते. माझे बाबा आणि तुझे आजोबा. एका सदऱ्यात दोघे वाढले. मोठ्याला आखूड झाला की धाकट्याच्या अंगावर."

"हे लिहून देशील?"

"देते की. चष्मा दुरुस्तीला गेलाय, तो आला की ये. पण काय गं, रचायचीच होती तर जरा बऱ्या नशिबाची तरी रचायचीस. एकोणिसाव्या वर्षी मारलीस पोरीला? तुझ्याच हातात होतं ना सगळं?"

"पाहुण्यांना जास्त दिवस ठेवून घेत नाहीत, आत्या."

"बघ हो," ती म्हणाली, "कधी कधी जात नाहीत."

दप्तरखाना मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त परिचयाचा आहे. लांब टेबले, उंच छत, शाईच्या पेनांना मनाई, आणि जुन्या कागदाचा तो वास, ज्याला लोक उगीच गोड म्हणतात; तो बुरशीचा असतो. मी दाखल्यासाठी अर्ज दिला. कारकून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दाखला नव्हता, वही होती.

"मॅडम, आहे की नोंद."

"कसली?"

"तुम्ही जी नाही म्हणताय तीच." त्याने वही माझ्याकडे फिरवली. "आता असलेल्याचा 'नाही' म्हणून दाखला मी कसा देऊ? माझी नोकरी जायची."

ते पान मी ओळखत होते. उजव्या कोपऱ्यात मूत्रपिंडाच्या आकाराचा तपकिरी डाग आहे. हे पान मी अकरा वर्षांत इतक्या वेळा पाहिले होते, की डोळे मिटूनही त्यावरच्या ओळी म्हणून दाखवल्या असत्या. डागाच्या वरच्या बाजूला, जेथे एका सुताराचा मुलगा आणि एका गाडीवानाची मुलगी लागोपाठ जन्मले होते, तेथे आता त्या दोघांच्या मध्ये पणजोबांचे नाव होते, त्यांचा व्यवसाय होता, आणि 'मुलगी' असे लिहिले होते.

मी प्रथम सरांचा संशय घेतला. तो घेणे क्रमप्राप्त होते. खोटी नोंद ओळखता येणे हे माझे काम आहे. तिच्यावर मी परिसंवादांत बोलले आहे. म्हणून मी भिंग काढून बसले. अनुक्रमांक सलग होते. हस्ताक्षर आधीच्या आणि नंतरच्या ओळीशी तंतोतंत जुळत होते. शाईने कागद खाल्ला होता आणि मागच्या बाजूला तिची सावली उमटली होती, बाकीच्या सगळ्या ओळींची उमटली होती तशीच. मधे एक ओळ घुसवली म्हणावे, तर खालच्या ओळी सरकायला हव्या होत्या. त्या सरकल्या नव्हत्या. त्या पूर्वीपासून तेथेच असल्यासारख्या होत्या.

घरी माझ्याकडे त्या पानाची छायाप्रत होती. मी कपाटातून ती काढली. प्रतीतही ती नोंद होती. समासात माझ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. ती खूण मी एखादी नोंद तपासून पूर्ण झाल्यावरच करते.

दुसऱ्या दिवशी मी मृत्यूच्या वह्या मागवल्या. थोरली ज्या वर्षी मरायला हवी होती त्या वर्षाच्या स्त्रियांची यादी मी दोनदा पाहिली. ती तेथे नव्हती. मग, केवळ पद्धतशीरपणासाठी, मी विवाहनोंदी मागवल्या. बाविसाव्या वर्षी तिने एका पडदे शिवणाऱ्या कारागिराशी लग्न केले होते. पत्ता दिलेला होता.

मी तिला एकोणीस वर्षे दिली होती. तिने ती पाळली नव्हती.

आत्याचा चष्मा आला होता. मी लिहून नेलेला कागद तिने नाकाजवळ धरून वाचला आणि चष्मा काढून टाकला.

"हे कुणी लिहिलं?"

"तू सांगितलंस तेच लिहिलंय."

"मी? थोरली आत्या नव्हती, असं मी सांगितलं?" तिचा आवाज चढला. "जीभ झडेल गं माझी! तिच्या कडेवर वाढले मी. बाजारात नेताना माझ्या हातात तिची ती तुटकी करंगळी द्यायची. लहान पोराच्या मुठीत बरोबर बसायची बघ, मुद्दाम करून घेतल्यासारखी."

मी कागदाची घडी घातली.

"आणि गुणगुणायची सारखी. गाणं कुठलं, ते विचारलं की म्हणायची, शब्द मला मिळाले नाहीत."

"आत्या, तुझ्याकडे कुणी येऊन गेलं का? आमचे सर?"

"कोण सर? इथे धोब्याशिवाय कोण येतं?"

"मागच्या खेपेला तू म्हणालीस, दोघेच भाऊ होते."

"भाऊ दोघेच की. माझे बाबा, आणि तो धाकटा."

मागच्या खेपेला ती 'तुझे आजोबा' म्हणाली होती. हा फरक मी जिन्यात उतरताना लक्षात घेतला आणि वयाच्या खाती टाकला.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या परिसंवादाची पत्रिका आली. म्हणजे इतरांना आली. वक्त्यांमध्ये माझे नाव गळले होते. ग्रंथालयाने माझे खाते 'आढळत नाही' म्हणून पुस्तक द्यायचे नाकारले. विभागातल्या माझ्या टपालपेटीत कोणी छत्री ठेवू लागले. मी हे सगळे सूड म्हणून वाचले, आणि तसे वाचण्यात माझी चूक झाली असे मला आजही वाटत नाही. विद्वानांच्या जगात बाई नाहीशी होण्यासाठी काही अघटित घडावे लागत नाही. नेहमीचा कारभार पुरतो.

पडद्यांचे दुकान विवाहनोंदीतल्या पत्त्यावर अजून होते. छतापासून लोंबणारे कापडांचे तागे, पितळी कड्यांची पेटी, खडूचा वास. दुकानाची मालकीण माझ्याच वयाची, गोल चेहऱ्याची, बोलघेवडी. मी तिच्या आजीबद्दल विचारल्यावर तिने मला स्टूल दिले.

"सरांनी पाठवलं का तुम्हाला? काय माणूस आहे हो! पुस्तक स्वतः घरी आणून दिलं, सही करून."

मला ते विकत घ्यावे लागले होते, हे मी तिला सांगितले नाही.

ती बोलता बोलता कापड मोजत होती. तिच्या डाव्या करंगळीला वरचे पेर नव्हते. जखमेची खूण नव्हती. बोट तेथेच संपून गोल झाले होते.

"अपघात?" मी विचारले.

"नाही हो, जन्मतःच. माझं, माझ्या भावाचं, त्याच्या मुलीचंही. आजीचं तेवढं यंत्रात तुटलेलं. डॉक्टर हसतात. तुटलेलं वारशाने येत नाही म्हणतात. मी म्हटलं, मग हे आलं कुठून ते तुम्हीच सांगा."

मला सांगता आले असते.

"त्या तापाने गेल्या, असं मी वाचलं होतं," मी म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी."

"कुठे वाचलंत? सरांच्या पुस्तकात तर बरोबर दिलंय." तिने गल्ल्याखालून पुस्तक काढले आणि पान उघडून माझ्यासमोर धरले. "ताप आला होता खरा. सगळ्यांनी आशा सोडली होती. तिचा धाकटा भाऊ उशाशी बसलेला, उठायचंच नाव घेईना. एका सकाळी ही उठून बसली, तर तो तिथेच आडवा. तो काही उठला नाही. अकरा वर्षांचा होता. आजी म्हणायची, माझ्या नावावर निघालेलं होतं, त्याने सही करून घेतलं."

छापील पानावर तसेच होते. घरी येऊन मी माझी प्रत पाहिली. तिच्यातही तसेच होते.

मी फार शांतपणे विचार केला. एक ताप मी लिहिला होता. तो कोणत्या घरात, कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत आला हे मी लिहिले होते. ज्या मुलीला तो दिला ती कधी जन्मलीच नव्हती. लिहिलेला ताप परत कोठे जातो, याबद्दल आमच्या शास्त्रात काही सांगितलेले नाही.

धाकटा भाऊ म्हणजे माझे आजोबा. मी त्यांना पाहिले आहे. दाढी करताना ते एक गाल फुगवून धरत आणि मी हट्ट केला की आरशातून मला डोळा मारत. त्यांच्या गालाला साबणाचा आणि लोखंडाचा वास येई. अकराव्या वर्षी मेलेल्या मुलाला दाढी नसते. हा पुरावा आहे. तो कोणत्याही समितीपुढे टिकणार नाही, पण पुरावा आहे.

दप्तरखाना घरापासून फार लांब नाही. त्या वर्षाची मुलग्यांची मृत्यूनोंद मागवायला मला थोडाच वेळ लागला असता. मी मागवली नाही. आयुष्यात प्रथमच मी एक गोष्ट तपासून पाहिली नाही.

त्याऐवजी आत्याकडे गेले. सही मागायला नव्हे. मला फक्त 'शहाणे' ऐकायचे होते.

सांभाळणाऱ्या बाईने दार अर्धे उघडले. "कोण हवंय?" ती मला गेली सात-आठ वर्षे ओळखत होती.

आत्या खिडकीशी बसली होती. मला पाहून तिने कपडे सारखे केले, जसे परक्यांसमोर करतात.

"या, बसा ना," ती म्हणाली. "कुणाकडून आलात?"

"आत्या, मी आहे."

"हो का? बरं बरं." ती समजूतदारपणे हसली. "चहा घेणार ना तुम्ही?"

तिच्या तोंडून मी 'तुम्ही' कधी ऐकले नव्हते. ती रागावली की 'कार्टे' म्हणे, लाडात आली की 'शहाणे'. बाईने मला हळूच बाजूला घेऊन सांगितले की वय झाले की असे होते. मी होकार दिला. मग आत्याला मी घरच्या माणसांविषयी विचारले, आणि तिने सगळी सांगितली. एकही नाव न चुकता, एकही नाते न अडखळता. तिचे बाबा. थोरली आत्या, तिची मुले, पडद्यांचे दुकान, कोणाला कोणता पदार्थ सोसत नाही, कोणाचे कोणाशी वाकडे आहे.

"आणि धाकटे काका?" मी विचारले.

"ते लहानपणीच गेले हो. तापाने." तिने माझ्याकडे नीट पाहिले. तिच्या डोळ्यांत खरीखुरी दया होती. "त्यांचं कुणी असतं, तर आज तुमच्याएवढं असतं."

खालून वाफेचा सुस्कारा आला. फरशी कोमट होती.

समितीची बैठक दुपारी होती. मला निमंत्रणाचे पत्र आले नव्हते. मी तरीही गेले आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसले. टेबलाशी अध्यक्ष, दोन सदस्य, इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई, आणि सर. साक्षीदार म्हणून पडद्यांच्या दुकानाची मालकीण आली होती. तिने मला पाहून ओळखीचे स्मित केले नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला.

"सर, आरोप असा आहे की थोरली ही पाहुणी आहे."

"थोरलीची जन्मनोंद आहे, विवाहनोंद आहे, आणि नात तुमच्यासमोर बसली आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पाहुणा आहे. मी प्रत्येक वंशावळीत एक ठेवतोच. पण तो दुसरीकडे आहे. शेवटचं पान पाहा."

शेवटच्या पानावर वंशवृक्ष होता. माझ्या हस्तलिखितातून तो रेघेसकट उचललेला. त्यामुळे धाकट्या फांदीच्या टोकाला मी होते. एका सदस्याने मोठ्याने वाचले.

"धाकटा मुलगा. त्याचा मुलगा. त्याची मुलगी, इतिहासाची अभ्यासक. अविवाहित. निःसंतान."

"धाकटा मुलगा अकराव्या वर्षी वारला," सर म्हणाले. "दप्तरात आहे. त्याच्या पुढचं सगळं माझं."

मला त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायची होती. मी ती वीस वर्षे ओळखते. डाव्या भुवईत दिसते. भुवई स्थिर होती. ते खरे बोलत होते, किंवा त्यांना तसे वाटत होते, आणि दोन्हींत काय फरक उरला होता हे मला सांगता येणार नाही.

"त्या पात्राबद्दल मला थोडी माया आहे, खरं सांगायचं तर," ते म्हणाले. "हट्टी, एकलकोंडी, भलतीच वाचणारी. मूलबाळ दिलं नाही तिला. मागे कुणाची अडचण नको."

"मग ही तक्रार केली कुणी?" अध्यक्षांनी विचारले.

"तोच प्रश्न मला पडलाय."

"म्हणजे पाहुण्यानेच यजमानाविरुद्ध तक्रार केली म्हणायची!" अध्यक्ष हसले. सगळे हसले.

मी उभी राहिले.

मी बोलले. क्रमाने, पुराव्यांसह, आवाज न चढवता. ओतकामाच्या खोलीला खिडकी का नसे ते सांगितले. हिरड्यांवरची निळी रेघ सांगितली. आजोबा दाढी करताना गाल फुगवत, तेही सांगितले.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंचे पेन हलले नाही.

याची मला सवय आहे.

अध्यक्षांनी चष्मा घातला, कागद एकत्र केले आणि चहा सांगितला. खुर्च्या सरकल्या. सदस्य खिडकीकडे गेले.

पडद्यांच्या दुकानाची मालकीण तेवढी माझ्या दिशेने आली. तिच्या हातात पुस्तक होते, शेवटचे पान उघडलेले. तिने पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पानाकडे.

"किती खरी वाटते हो," ती खांद्यावरून सरांना म्हणाली.

आणि मग तिने माझ्या बाहीची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली, कापडात भेसळ आहे का ते पाहतात तशी, आणि पसंतीने मान हलवली.